डॅशबोर्डच्या घड्याळाचा रंग बदलताना या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक घड्याळ उघडायच्या आधीच होते: डिस्प्ले कोणत्या जातीचा आहे हे न बघता एलईडी विकत आणले जातात.

इग्निशन बंद असताना आकडे दिसेनासे होतात, चालू केल्यावर निळसर हिरवे उजळतात, आणि काचेत केसासारख्या बारीक आडव्या तारा दिसतात? मग तो व्हीएफडी, म्हणजे व्हॅक्यूम फ्लुरोसंट डिस्प्ले, हवा काढलेली काचेची नळी आहे. त्यात बल्ब नसतोच, आकड्यांवरचा फॉस्फर, म्हणजे चमकणारा लेपच उजळतो. तिथे एलईडीचा काही उपयोग नाही, फक्त समोर रंगीत जिलेटिन, म्हणजे पारदर्शक रंगीत कागद लावता येतो. हिरवा आणि निळा रंग छान मिळतो. लाल प्रकाश मुळातच कमी असल्याने लाल आकडे मंद दिसतात, दिवसा तर वाचताही येत नाहीत. नळी काढताना तिच्या काचेच्या टोकाला धक्का लागू देऊ नका. हवा आत शिरली की आतला चंदेरी डाग पांढरा पडतो आणि नळी कायमची जाते.

एलसीडीच्या मागे मात्र छोटा बल्ब असतो, आणि त्यावर बऱ्याचदा हिरवी किंवा निळी रबरी टोपी. ती तशीच ठेवून आत लाल एलईडी बसवला तर जवळजवळ अंधारच होतो. टोपी काढा, आणि एलसीडीमागे रंगीत फिल्म असेल तर तीही.

सुटा एलईडी लावताना रेझिस्टरचा (एलईडीतला विजेचा प्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या भागाचा) हिशोब १२ व्होल्टवर करू नका. इंजिन चालू असताना गाडीत १४.४ व्होल्टपर्यंत दाब असतो. पांढरा एलईडी सुमारे ३.२ व्होल्ट घेतो. उरलेल्या ११.२ व्होल्टला १२०० ओम लावले की साधारण ९ मिलिअँपिअर जातात, रात्री तेवढे पुष्कळ. ४७० ओमला तेच जवळपास २४ होतात. बंद प्लास्टिकच्या डबीत असा एलईडी तापून लवकर फिका पडतो. रेझिस्टर पाव वॉटचा घ्या.

एलईडी लागलाच नाही तर आधी उलटा बसवून बघा. बल्बला दिशा नसते, एलईडीला असते. मधोमध ठिपका आणि कडा काळ्या दिसत असतील, तर गोल डोक्याच्या एलईडीचा प्रकाश एकाच ठिकाणी पडतोय. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने त्याचं डोकं घासून धुरकट करा.

जोडल्यावर आकड्यांच्या काही रेघा गायब झाल्या, तर एलसीडी आणि सर्किट बोर्डामधली रबरी पट्टी सरकलेली किंवा बोटांच्या तेलाने मळलेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सरळ बसवा, सगळे स्क्रू थोडेथोडे आवळा. एकच बाजू आधी घट्ट केली की दुसऱ्या टोकाच्या रेघा जातात.

काम सुरू करताना बॅटरीचा निगेटिव्ह काढा. पॅनल लावण्याआधी तो पुन्हा जोडून पार्किंग लाइट चालू-बंद करून बघा, कारण डॅशबोर्डचा प्रकाश मंद करणाऱ्या बटणावर काही एलईडी लुकलुकतात, आणि ते पॅनल बसवल्यावर कळलं तर सगळं पुन्हा उघडावं लागतं.