ए७सी टू की आर८? भाड्यानं आणा आणि एक रात्र नाटकात घालवा

किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मी दोन्ही कॅमेरे एकामागून एक ठेवले, तेव्हा डाळ घ्यायला आलेल्या तीन बाया तिथंच थांबल्या. "काय भाव देता जी?" एकीनं विचारलं. कॅनन आर८ बॅटरी-कार्डासकट ४६१ ग्रॅम भरला, सोनी ए७सी टू ५१४. फरक एका अंड्याएवढा. मग दोन्हींवर पन्नास एमएम एफ १.८ लावली. कॅननची लेन्स १६० ग्रॅमची, सोनीची १८६. आता फरक झाला दीड अंडं. शेवटी माझी जुनी ईएफ (कॅननच्या डीएसएलआरची) ७०-२०० एफ २.८ लेन्स अ‍ॅडॉप्टरनं आर८वर चढवली, तर काटा दोन किलोच्या पुढे गेला आणि दुकानदार भाऊ म्हणाले, "ताई, हे तं तुरीच्या भावात परवडत नाही."

कॉम्पॅक्ट फुल-फ्रेम, म्हणजे छोट्या बॉडीत मोठा सेन्सर असलेला कॅमेरा, घ्यायचा तर पहिलं काम हेच करा. बॉडी एकटी तोलू नका. तुम्ही रोज जी लेन्स लावणार, ती लावून तोला. ७०-२०० लावूनच तुमचं पोट चालत असेल, तर बॉडीचे पन्नास ग्रॅम वाचवून काही होत नाही. पस्तीस, पन्नास, पंच्याऐंशी अशा छोट्या लेन्सवर भागत असेल, तर मात्र सायंकाळी खांदा दुखतो की नाही हे या दोन कॅमेऱ्यांनी ठरतं.

माझा स्टुडिओ ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावात आहे. लग्नं, बारशी, दिवाळीनंतरची मंडई (आमच्याकडची गावजत्रा), पट (बैलजोड्यांची शर्यत), आणि वैनगंगेपलीकडच्या वडशाच्या नाटक मंडळ्यांचे फोटो, हे माझं काम. जुना डीएसएलआर थकला म्हणून नवीन घ्यायचा होता. भाचा माझ्यासोबत व्हिडिओ करतो. त्याचा जीव सोनीवर, माझ्याकडे कॅननच्या जुन्या लेन्स. घरात रोज तीच किरकिर. शेवटी मी म्हटलं, बस झालं, नागपूरहून दोन्ही भाड्यानं आणू.

दुकानात काऊंटरवर कॅमेरा पाहून ठरवू नका, हे मी ठासून सांगते. एसी चालू, वर पांढरे दिवे, समोर उभा सेल्समन हसतोय. त्या उजेडात कोणताही कॅमेरा चांगलाच फोटो काढतो. आम्ही दोन खेपा केल्या. एक जानेवारीत, नाटक आणि पट लागून आले होते तेव्हा. दुसरी मे महिन्यात, लग्नाच्या वेळी. भाडं गेलं, पण लाखाच्या वर पैसे घालण्याआधी तेवढं जाऊ द्यावं. आधारकार्ड आणि डिपॉझिट लागतं, आणि बॅटऱ्या किती देणार ते आधीच विचारून घ्या. मी पहिल्या खेपेला विचारलं नव्हतं.

आता नाटकाची रात्र. झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातलं, नाटक रात्री सुरू होतं ते तांबडं फुटेपर्यंत चालतं. रंगमंचावर लाल-निळे एलईडी पार (झोताचे दिवे), समोर ऑर्गन-तबला, मागं जनरेटर घरघरतोय. कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

पडदा उघडण्याआधीच काम सुरू करा. दिवे लावून बघत असतात, तेव्हा पडद्याचेच फोटो काढा. आयएसओ ३२००, एफ २, आणि शटर १/५०, १/८०, १/१००, १/१२५, १/१६०, १/२५०. प्रत्येकाचे पाच-सहा फोटो. मग स्क्रीनवर मोठे करून आडवे पट्टे दिसतात का बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. १/१०० किंवा १/५० ला एक-दोन फेऱ्या पूर्ण पकडल्या जातात आणि पट्टे येत नाहीत. पण जनरेटर काही बरोबर ५० वर चालत नाही, आणि स्वस्त एलईडी पार मंद केले की स्वतःच्या वेगळ्याच गतीनं लुकलुकतात. दोन्ही कॅमेऱ्यांत अँटी-फ्लिकर शूटिंग (दिव्याची लुकलुक सांभाळून फोटो काढणं) आहे, ते घरच्या ट्यूबलाइटला चांगलं चालतं. पार लाइटला हाच पडद्याचा उपाय.

दुसरी गोष्ट, सायलेंट शटर. रडक्या प्रसंगात क्लिक-क्लिक नको म्हणून मी ते चालू केलं आणि नायिकेच्या गालावर गुलाबी-हिरवे पट्टे उमटले, गोधडीला असतात तसे. सायलेंटमध्ये सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो, त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्यात दिवा कितीदा तरी लुकलुकून होतो. दोन्हींतही होतं. ए७सी टूचा ३३ मेगापिक्सेलचा सेन्सर हळू वाचला जातो, म्हणून त्यात जास्त. आर८चा २४ मेगापिक्सेलचा सेन्सर बराच चपळ आहे, पण पट्ट्यांतून तोही सुटत नाही. नाटकात सायलेंट बंद. ऑर्गनवाल्यापुढे तुमचा क्लिक ऐकतो कोण?

लाल उजेडात चेहरे नुसते लाल गोळे होतात. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर ठेवू नका, दोन्हींत ४००० केल्विनवर पक्का करा, एक्स्पोजर एक स्टॉप खाली, म्हणजे उजेड निम्मा, आणि फाइल रॉ, म्हणजे कच्ची. नाही तर दोन कॅमेऱ्यांची तुलना न होता दोन ऑटो व्हाइट बॅलन्सची तुलना होऊन बसते. घरी आल्यावर नॉइज (फोटोतले दाणे) बघताना दोन्ही फोटो शंभर टक्के मोठे करून शेजारी ठेवू नका. ३३ मेगापिक्सेलवाला तिथं उगाच मार खातो. आधी त्याची रुंदी ७००८ वरून ६००० पिक्सेल करा, मग बघा. मला ६४०० आयएसओला दोघांत भांडण्याजोगं काही सापडलं नाही.

बॅटरी. इथं फरक डोळ्यांत भरतो. आर८ला एलपी-ई१७ लागते, १०४० एमएएच. सोनीला एनपी-एफझेड१००, २२८० एमएएच. कंपन्यांच्या ठरलेल्या मोजणीत आर८ व्ह्यूफाइंडरवर सुमारे १५० आणि स्क्रीनवर २९० फोटो देतो, सोनी पाचशेच्या पुढे. प्रत्यक्षात दोन्ही जास्त देतात, कारण आपण धडाधड काढतो, पण प्रमाण तसंच राहतं. दुसऱ्या अंकाआधीच आर८ झोपला. माझ्याजवळ एकच बॅटरी होती. चूक माझीच, मी विचारलंच नव्हतं. पुढं पॉवर बँक जोडून काम चालवलं. दोन्ही यूएसबी-सीनं चार्ज होतात, पण आर८ला पॉवर बँक पीडीवाली (पॉवर डिलिव्हरी, जास्त ताकदीची) पाहिजे. त्याला साधी पॉवर बँक जोडली तर तुम्हाला वाटतं चार्ज होतंय, आणि तसं काही होत नसतं. गावात लाइट जाते, मंगल कार्यालयात प्लग डीजेवाल्यानं धरून ठेवलेला असतो. आर८ घ्यायचा तर तीन जादा बॅटऱ्यांचे पैसे त्याच्या किमतीत धरूनच तुलना करा.

हात हलण्याचं काय? ए७सी टूमध्ये बॉडीतच स्टॅबिलायझेशन आहे, आर८मध्ये नाही. भाचा हे दर पाच मिनिटांनी ऐकवायचा. तो चालत चालत व्हिडिओ काढतो, त्याचं खरं आहे. माझ्यासाठी तेवढं नाही. नाचणारी बाई १/१५ ला स्थिर राहत नाही, कॅमेरा कितीही स्थिर असो. तिला १/१२५ लागतोच, आणि १/१२५ ला पन्नास एमएम माझ्या हातात हलत नाही. तरी एकदा करून बघा: देवघरात समईसमोर उभं राहा, लाइट बंद, १/८ ला दहा-दहा फोटो. माझे सोनीत आठ चांगले आले, आर८ आणि बिनस्टॅबिलायझरच्या पन्नासवर एकच. कॅननच्या नव्या आरएफ लेन्सांपैकी ३५ एफ १.८ आणि ८५ एफ २ या लेन्समध्ये स्टॅबिलायझर आहे, म्हणजे कॅननमध्ये हे काम लेन्स विकत घेऊन होतं.

पटावर मला मजा आली. शंकरपटाची जोडी सुटते तेव्हा तुमच्याजवळ काही सेकंदच असतात. आर८ इलेक्ट्रॉनिक, म्हणजे त्याच सायलेंट, शटरवर सेकंदाला ४० फोटो काढतो, ऐकायला लय भारी. मी काढले. एका धावेचे ढीगभर फोटो आणि प्रत्येकात छकड्याच्या (शर्यतीच्या हलक्या गाडीच्या) चाकाचे आरे थोडे वाकडे, तेच ओळीओळीनं वाचण्यामुळं. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टनवर (अर्धं इलेक्ट्रॉनिक, अर्धं खरं शटर) आलं की आरे सरळ, पण वेग सेकंदाला ६ वर येतो. सोनी तिथं १० देतो. बैलासाठी मी सोनीच घेईन. बैल हा प्राणी मात्र दोघांच्याही ऑटोफोकसला नीट उमगत नाही. शिंगांना रंग, कपाळावर गोंडे, वरून धुराळा. माणूस निवडला तर दोन्ही धुरकऱ्याचा (जोडी हाकणाऱ्याचा) चेहरा पकडून ठेवतात, आणि तोच बरा फोटो असतो.

मे महिन्यातलं लग्न. ब्रह्मपुरीचा पारा ४६-४७ ला जातो हे बातम्यांत तुम्ही वाचताच. दोन्ही कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ० ते ४० अंश लिहिलंय. म्हणजे आमच्या मांडवात दुपारी दोन वाजता दोन्ही कंपन्यांनी आधीच हात वर केलेले. कोणता जास्त तापतो याच्या चर्चा ऐकू नका, तुमच्या उन्हात तुम्हीच बघा: फोर-के लावा, सावलीत ट्रायपॉडवर ठेवा, घड्याळ लावा. फोर-के ६० ला दोन्ही लवकर तापतात, ३० ला निवांत असतात. सोनीच्या मेनूत ऑटो पॉवर ऑफ टेंपरेचर 'हाय' करायला विसरू नका, तसं न करता केलेली परीक्षा धरू नका. ओला पंचा कॅमेऱ्यावर टाकायचा नाही, ट्रायपॉडच्या वर छत्री बांधायची. स्क्रीन बॉडीपासून बाहेर ओढून ठेवली की मागची बाजू मोकळी राहते.

फोर-के ६० मध्ये आणखी एक मेख आहे. सोनी तिथं फ्रेम दीडपट कापतो, २८ ची लेन्स ४२ सारखी दिसते. आर८ पूर्ण रुंदी देतो. हळदीच्या खोलीत, पाठ भिंतीला टेकलेली असताना, हे कापणं कळतं. भाच्यानं मान्य केलं, पण तोंडानं नाही.

हळदीचं एक सांगते. बायांच्या बाजूला मोठा कॅमेरा नेला की पदर वर होतात, गप्पा थांबतात. हे दोन्ही छोटे आहेत, म्हणून कोणी बिचकत नाही. सोनीचा व्ह्यूफाइंडर डाव्या कोपऱ्यात, चपट्या डब्यासारखा. उजव्या डोळ्यानं बघणाऱ्याचं नाक बाजूला मोकळं राहतं. मी डाव्या डोळ्यानं बघते, माझं नाक स्क्रीनवरच घासतं. आर८चा मधोमध, उंचवट्यावर, मला तो बरा. आणि बांगड्या! स्क्रीन उघडून डावीकडे फिरवली की डाव्या हातातल्या काचेच्या बांगड्या तिच्यावर खरखरतात. हे दोन्हींत. टेंपर्ड ग्लास लावून घ्या, किंवा मी करते तसं बांगड्या मागं सरकवून वर रबर लावा. कॅमेरे भाड्यानं आणाल तेव्हा तुमच्या अंगावरच्या रोजच्या सगळ्या गोष्टींसकट वापरा. चष्मा, अंगठी, ओढणी.

काही गोष्टींवर वेळ घालवू नका. व्ह्यूफाइंडरचे ठिपके दोन्हींत सारखेच, २३.६ लाख. जॉयस्टिक दोन्हींत नाही. मेगापिक्सेलचं गणित १२ बाय ३६ च्या अल्बमवर मांडा: पूर्ण पानभर फोटो लावला तर आर८ इंचाला १६७ पिक्सेल देतो, सोनी १९५. आमच्या छपाईवाल्याला दोन्ही पानं न सांगता दाखवली. त्यानं उलटं ओळखलं.

कार्ड मात्र दोन्हींत एकच बसतं, याची भीती बाळगा. मी हळदीचं कार्ड वेगळं, लग्नाचं वेगळं, विदाईचं वेगळं ठेवते, आणि पंगत बसली की लॅपटॉपवर उतरवते. सोनीचं कार्ड बाजूच्या झाकणातून निघतं. आर८चं खाली, बॅटरीच्या शेजारी. ट्रायपॉडची प्लेट मोठी असली की ते झाकण उघडत नाही आणि वरात निघून जाते. आर८साठी छोटी प्लेट घ्या.

पैशाचं गणित शेवटी लेन्सवर येतं. आर८ची बॉडी स्वस्त आहे, आणि जुन्या ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टरवर जशाच्या तशा चालतात. माझ्यासारख्या लेन्स घरात असतील तर अर्धा खर्च वाचला. घरात काहीच नसेल, तर सोनीच्या माउंटला (लेन्स बसते त्या जोडाला) सिग्मा, टॅमरॉन या इतर कंपन्यांच्या चांगल्या लेन्स कमी पैशात मिळतात. कॅननच्या आरएफमध्ये फुल-फ्रेमला ती मुभा फार कमी. चौकशी करताना ज्यांच्याकडून अडचणीत लेन्स उसनी मागता, त्या आजूबाजूच्या चार फोटोग्राफरांकडे कोणता माउंट आहे तेही विचारा. आमच्या भागात त्यातले तीन कॅननवाले निघाले.

मी आर८ घेतला, चार बॅटऱ्यांसकट. भाचा सोनीसाठी पैसे जमवतोय. पुढच्या पटाला सोनीच भाड्यानं आणायचा ठरलाय. या वेळी बॅटऱ्या किती मिळणार ते भाचा आधी विचारणार आहे, मी त्याच्या हातावर पेनानं लिहून दिलंय.