फुटबॉलचा करार संपल्यावर हर्लिंग: आयर्लंडमध्ये खेळ बदलताना

हर्लिंग हा आयर्लंडचा पारंपरिक खेळ, हर्ली नावाच्या चपट्या टोकाच्या काठीने खेळायचा. आयर्लंडमध्ये खेळाडू सहसा उलट्या दिशेने, हर्लिंगकडून फुटबॉलकडे, जातात. नायल क्विन 1983 साली डब्लिनकडून हर्लिंगची मायनर, म्हणजे अठरा वर्षांखालची, ऑल-आयर्लंड फायनल खेळला आणि मग आर्सेनलला गेला. शेन लाँग टिपेररीच्या मायनर संघातून निघून इंग्लंडच्या प्रीमियर लीगपर्यंत पोहोचला. कारण उघड आहे, फुटबॉलमध्ये पगार मिळतो आणि हर्लिंगमध्ये मिळत नाही. पण क्लबने करार न वाढवल्यामुळे विशी-बाविशीत घरी परतणारी मुलंही असतात. त्यांच्यातल्या कुणाला पुन्हा हर्ली हातात घ्यायची असेल, तर पुढचं सगळं त्याच्यासाठी आहे. डब्लिन-कॉर्कमध्ये वाढणाऱ्या मराठी घरांतल्या मुलांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

आधी एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: लहानपणी हर्लिंग किती वर्षं खेळलात? पाचव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत हर्ली हातात असेल, तर हात विसरलेले नसतात. ते गंजलेले असतात आणि काही महिन्यांत सुटतात. हर्ली कधीच धरली नसेल, तर काउंटी, म्हणजे जिल्हा, संघाचं स्वप्न बाजूला ठेवून क्लबच्या ज्युनियर संघापासून, म्हणजे प्रौढांच्याच पण खालच्या श्रेणीच्या संघापासून, सुरुवात करा. यात कमीपणा काहीच नाही. क्लब हाच या खेळाचा पाया आहे.

क्लब निवडायला फारसा वाव नसतो. बालपणी ज्या क्लबकडून खेळलात तोच तुमचा क्लब. दुसरीकडे जायचं तर बदलीचा अर्ज करावा लागतो आणि तो काउंटी बोर्डाने मंजूर करावा लागतो. त्यामुळे परतल्यावर पहिला फोन गावच्या क्लबच्या सचिवाला करा आणि नोंदणी पूर्ण झाल्याशिवाय सामन्यात उतरू नका. फुटबॉल खेळला म्हणून आता कुणी अडवत नाही. ‘परक्या’ खेळांवरची, हर्लिंग चालवणाऱ्या गेलिक अॅथलेटिक असोसिएशनची बंदी 1971 साली उठली. फुटबॉलचा करार अजून चालू असेल तर मात्र तो नीट वाचा, कारण इतर खेळ खेळायला मनाई करणारं कलम त्यात बहुधा असतं.

आता सामान. प्रौढांची हर्ली साधारण 33 ते 37 इंच लांब असते. नव्याने सुरुवात करताना आखूड घ्या, कारण लांब हर्ली जड पडते आणि उचलताना उशीर होतो. तिच्या चपट्या टोकाला बॉस म्हणतात. त्याची रुंदी 13 सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, अपवाद फक्त गोलकीपरचा. पारंपरिक हर्ली अॅश झाडाच्या बुंध्याच्या, मुळाकडे वळलेल्या भागातून काढतात. 2012 पासून आयर्लंडमध्ये या झाडांवर बुरशीचा रोग आहे, म्हणून आता बांबूच्या आणि कृत्रिम हर्लीही मैदानावर दिसतात. अॅशची घेतलीत तर लाकडाचे रेषे वळणाबरोबर वळतात का ते पाहा. रेषे मध्येच आडवे तुटले असतील, तर हर्ली नेमकी तिथेच मोडते. हेल्मेट 2010 पासून सगळ्यांना सक्तीचं आहे. जाळीची एकही सळई कापू नका, वाकवू नका. बदल केलेल्या हेल्मेटमध्ये दुखापत झाली, तर विम्याचे पैसे मिळत नाहीत.

चेंडूला स्लिटर म्हणतात. वजन 110 ते 120 ग्रॅम, व्यास 69 ते 72 मिलिमीटर. क्रिकेटचा चेंडू हातात धरल्याची आठवण करा: आकार जवळजवळ तोच, पण हा चाळीसेक ग्रॅमने हलका आणि त्याची शिवण उभ्या कडांसारखी वर आलेली.

क्रिकेट खेळलेल्याची पकड मात्र इथे गोंधळ करते. उजव्या हाताच्या फलंदाजाचा डावा हात वर असतो. हर्लिंगमध्ये उजव्या हाताच्या खेळाडूचा उजवा हात वर, दांड्याच्या टोकाशी, आणि डावा खाली. धावताना हर्ली एकट्या उजव्या हातात राहते, डावा झेल घ्यायला मोकळा. पकड पहिल्या आठवड्यातच दुरुस्त करा. चुकीच्या पकडीने फटका सुरुवातीला बरा बसतो, पण गर्दीत चेंडू उचलताना हात अडकतो आणि तोवर सवय पक्की झालेली असते.

जमिनीवरचा स्लिटर हाताने उचलता येत नाही, तो हर्लीने उचलावा लागतो, आणि फुटबॉलपटूचं घोडं इथेच अडतं. पाय चेंडूच्या शेजारी ठेवा, गुडघे वाकवा, खालचा हात दांड्यावरून आणखी खाली सरकवा आणि हर्ली जमिनीला जवळजवळ समांतर करून बॉस चेंडूखाली सारा. अंगठा बॉसच्या दिशेने हवा. हर्ली तिरकी उतरली तर बॉस मातीत रुततो आणि चेंडू पुढे पळतो. कंबरेत वाकून गुडघे ताठ ठेवणाऱ्याचं हमखास असंच होतं. मग तो वैतागून चेंडूला लाथ मारतो. लाथ नियमात बसते, पण ताबा जातो आणि प्रतिस्पर्ध्याला हवा तो वेळ मिळतो. चेंडू हातात आल्यावर जास्तीत जास्त चार पावलं. हर्लीवर तोलून धावाल तर पावलांची मर्यादा नाही, मात्र तो हातात पुन्हा एकदाच घेता येतो.

सरावाला भिंतीसारखा गुरू नाही. चार-पाच मीटरवर उभे राहा, रोज वीस मिनिटं, शंभर फटके उजवीकडून आणि शंभर डावीकडून. परत येणारा चेंडू अडवताना पकड सैल ठेवा. घट्ट धरलेल्या हर्लीवरून तो दगडासारखा उडतो. पायाने चेंडू मऊ थांबवायची सवय इथे कामी येते, फक्त तो मऊपणा मनगटात आणावा लागतो.

अंगावर येणाऱ्या फटक्याची भीती स्वाभाविक आहे, आणि तीच दुखापतीचं कारण ठरते. प्रतिस्पर्धी फटका मारत असताना हातभर लांब उभे राहिलात, तर हर्लीचा पूर्ण वेग तुमच्या बोटांवर येतो. ब्लॉक करताना उलट आत घुसायचं असतं: पुढचं पाऊल त्याच्याकडे, दोन्ही हात पुढे, नजर चेंडूवर, आणि हर्ली अशी खाली आणायची की चेंडू सुटतानाच त्यावर आदळावा. जवळ गेल्यावर फटक्याला वेगच मिळत नाही. मागून गाठत असाल तर हुक: आपली हर्ली पुढे सारून त्याच्या हर्लीचा झोका वाटेतच अडवायचा. फुटबॉलमध्ये पाठ करून चेंडू झाकायची सवय असते. इथे तसं थांबलात की हुक बसलाच म्हणून समजा.

मैदान 130 ते 145 मीटर लांब आणि ऑफसाइड नावाची गोष्टच नाही. बचावात असाल तर रांग धरणं विसरा. आपला माणूस आणि आपला गोल यांच्यामध्ये राहा. पुढे खेळत असाल तर प्रत्येक वेळी जाळी शोधू नका. गोलच्या दोन खांबांमधून आडव्या दांड्यावरून गेलेला चेंडू एक गुण, खालून गेलेला तीन, आणि साठ मीटरवरूनही गुण मिळतो. फुटबॉलपटू फार वेळ चेंडू जवळ ठेवतो, आणि तेवढ्यात तीन जण अंगावर येतात.

पायांची तयारी तुमच्याकडे आधीच आहे. खांदे, मनगटं आणि पंजाची पकड यांवर आठवड्यातून दोनदा वजनं घेऊन काम करा.

पैशाचं मात्र आधीच ठरवा. काउंटी संघातही पगार नाही, प्रवासखर्च आणि सरकारी अनुदानाची छोटी रक्कम मिळते. म्हणून बहुतेक खेळाडू शिक्षक, पोलीस, बँक कर्मचारी अशा नोकऱ्यांत असतात. शिक्षण अर्धं राहिलं असेल तर तोच धागा पुढे न्या. विद्यापीठांच्या क्रीडा शिष्यवृत्त्या आहेत, फिट्झगिबन चषकासाठी विद्यापीठांचे संघ झुंजतात आणि काउंटीचे निवडकर्ते ते सामने पाहतात. ब्रेक्झिटनंतर, 2021 पासून, आयरिश मुलांना अठराव्या वर्षाआधी इंग्लिश क्लबात जाता येत नाही, त्यामुळे नंतर गेलेल्यांकडे शालान्त परीक्षेचं, लीव्हिंग सर्टचं, प्रमाणपत्र बहुधा असतं. त्याआधी सोळाव्या वर्षी गेलेल्यांनी 1 जानेवारीला 23 पूर्ण होत असतील, तर प्रौढ विद्यार्थी म्हणून अर्ज करावा. त्याची नेहमीची मुदत 1 फेब्रुवारी संध्याकाळी पाचपर्यंत असते, आणि काउंटीचा हंगामही त्याच सुमारास सुरू झालेला असतो. म्हणून कागदपत्रं डिसेंबरातच गोळा करून ठेवा.