केसगळतीवर उपचार करताना या चुका टाळा

केस गळायला लागले की बहुतेकांचा हिशोब तीन महिन्यांनी चुकतो. आज कंगव्यात मोठं गुंतवळ आलं की संशय जातो गेल्या आठवड्यात बदललेल्या शाम्पूवर, नव्या घरातल्या पाण्यावर, नाहीतर परवाच्या जागरणावर. खरं कारण बऱ्याचदा दोन-तीन महिने मागे असतं.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले ८५ ते ९० टक्के वाढीच्या टप्प्यात असतात आणि हा टप्पा २ ते ६ वर्षं चालतो. मग दोन-तीन आठवड्यांत केसाची वाढ थांबते, तो जवळपास तीन महिने मुळाशी नुसता बसून राहतो आणि नंतर गळतो. म्हणून रोज ५० ते १०० केस जाणं हा आजार नाही. मात्र जोराचा ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा झटपट वजन उतरवणारा उपास झाला, की एरवी पुढेमागे थांबले असते ते केस एकदमच वाढ थांबवतात आणि तीन महिन्यांनी एकदमच गळतात. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात.

त्यामुळे पहिलं काम कॅलेंडर उघडण्याचं. गळती सुरू झाल्याच्या तारखेपासून तीन महिने मागे जा आणि ताप, घटलेलं वजन, सुरू केलेलं किंवा बंद केलेलं औषध (गर्भनिरोधक गोळ्यासुद्धा) लिहून काढा. कारण सापडलं आणि ते टळलेलं असेल, तर ही गळती सहा महिन्यांच्या आत बहुधा आपसूक ओसरते. पाचव्या महिन्यात जे तेल हाती लागलेलं असतं, त्याचं मग फुकटात नाव होतं.

गळणं, तुटणं आणि विरळ होणं एकच समजू नका

गळालेले दहा-बारा केस पांढऱ्या नव्हे, गडद कागदावर ठेवून उजेडात बघा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ दिसली तर केस मुळापासून सुटलाय. गाठ नाही, लांबी कमी-जास्त आणि टोक पिंजलेलं असेल तर तो मधेच तुटलाय. ब्लीच, स्ट्रेटनिंग, ओल्या केसांवर घाईने फिरवलेला कंगवा ही त्याची कारणं. इथे गोळ्यांचा काही उपयोग नाही.

तिसरा प्रकार जास्त फसवा. गुंतवळ फारसं येत नाही, पण भांग रुंदावतो किंवा कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवरचे केस मागे सरकतात. हे आनुवंशिक टक्कल. यात डीएचटी हे संप्रेरक रोमकूप (केस उगवतात ती छिद्रं) आकसवत नेतं आणि प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक उगवतो, शेवटी नुसती लव उरते. पुरुषांमध्ये रक्तातलं टेस्टोस्टेरॉन बहुधा नॉर्मलच असतं, दोष असतो तो रोमकुपांच्या संवेदनशीलतेत. त्यामुळे त्या तपासणीवर पैसे घालवू नका. स्त्रियांमध्ये पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर राठ केस किंवा खूप मुरुमं येत असतील, तर मात्र संप्रेरकांच्या तपासण्या करायलाच हव्यात.

नाण्याएवढा गुळगुळीत गोल पडला तर ती चाई. तिथे कुठलाही किडा केस खात नसतो, शरीराची प्रतिकारशक्तीच रोमकुपांवर उलटलेली असते. लहान चट्ट्यांवर स्टिरॉइडची इंजेक्शनं दर ४ ते ६ आठवड्यांनी देतात. डोक्याचा मोठा भाग गेला असेल तर आता गोळ्याही आहेत. अमेरिकेच्या एफडीएने जून २०२२मध्ये बॅरिसिटिनिबला आणि जून २०२३मध्ये रिटलेसिटिनिबला चाईसाठी मान्यता दिली. या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात, त्यामुळे आधी क्षयरोगाची तपासणी लागतेच. मुलाच्या डोक्यावरच्या चट्ट्यात कोंड्यासारखे पापुद्रे आणि खुंट दिसत असतील तर ते गजकर्ण असू शकतं. त्यावर नुसतं मलम पुरत नाही, कारण बुरशी केसाच्या आत शिरलेली असते. काही आठवडे पोटातून औषध घ्यावं लागतं.

मिनॉक्सिडिल: औषध बरोबर, वापर चुकीचा

आनुवंशिक टकलावर लावतात ते मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तिथून ते डोक्यावर आलं. एफडीएने १९८८मध्ये त्याच्या २ टक्के द्रावणाला मान्यता दिली. पाच टक्क्यांचं द्रावण वापरताना पुरुषांसाठी मात्रा सरळ आहे: १ मिली, दिवसातून दोनदा. चूक होते ती लावण्यात. ड्रॉपरने वरवर ओतलं की अर्धं औषध केसांनाच लागतं. डोकं कोरडं हवं. विरळ भागात बोटाच्या रुंदीवर एकेक भांग पाडा, प्रत्येक भांगात त्वचेवर चार-पाच थेंब सोडा, बोटाने पसरवा, पुढचा भांग घ्या. मग हात साबणाने धुवा आणि निदान चार तास डोक्याला पाणी लावू नका.

रात्रीची मात्रा झोपण्यापूर्वी दोन-तीन तास आधी लावा. ओलं औषध उशीला लागतं, उशीचं गालाला, आणि मग स्त्रियांच्या गालांवर, कानशिलांवर लव वाढते. घरात मांजर असेल तर जास्तच जपा: मिनॉक्सिडिल मांजरांना विषारी आहे, अंगाला लागलेलं चाटल्यानेही त्यांच्या जिवावर बेततं.

दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात गळती वाढते. सगळ्यात जास्त बाटल्या कपाटात जातात त्या याच वेळी. प्रत्यक्षात मुळाशी बसून राहिलेले जुने केस नव्यांना वाट करून देत असतात. चार महिन्यांच्या आत काही ठरवू नका, खरा निकाल सहा ते बारा महिन्यांनी. मात्रा चुकली तर दुप्पट लावू नका. औषध बंद केलं तर मिळवलेलं तीन-चार महिन्यांत जातं, हे सुरू करण्याआधीच माहीत असावं.

खाज सुटली तर दोष बहुधा द्रावणातल्या प्रोपिलिन ग्लायकॉलचा असतो. फोममध्ये ते नसतं, तेव्हा फोम वापरून बघा. छातीत धडधड, चक्कर किंवा पायांवर सूज आली तर लगेच थांबवून डॉक्टर गाठा. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना हे औषध नकोच. काहींच्या त्वचेत औषधाला कामाच्या रूपात आणणारं एन्झाइमच कमी असतं. त्यांनी वर्षभर नीट वापरूनही फरक पडला नसेल, तर तो त्यांचा आळस नव्हे.

फिनास्टेराइड लपवून घेणं

फिनास्टेराइड ही आनुवंशिक टकलावरची गोळी, पुरुषांची मात्रा दिवसाला १ मिलिग्रॅम. हे औषध पीएसए या प्रोस्टेटच्या तपासणीचा आकडा जवळजवळ निम्म्यावर आणतं. डॉक्टरला सांगितलं नाही तर कर्करोगाची खूण नजरेतून निसटू शकते. रक्तदान करायचं असेल तर शेवटच्या गोळीनंतर महिनाभर थांबा. गरोदर बाईने तुटलेल्या गोळीला हात लावू नये, पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत त्याने बाधा येऊ शकते. कामेच्छा कमी झाली किंवा मन खचल्यासारखं वाटलं तर ते अंगावर काढू नका.

बायोटिनच्या डब्या

बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व. प्रौढाला ते दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं, 'केसांच्या' गोळीत ते ५,००० ते १०,००० असतं. कमतरता नसेल तर केसांना काही फायदा नाही, रक्ततपासण्या मात्र बिघडतात. थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच खोटंच कमी येतं आणि धडधाकट माणूस थायरॉइडचा रुग्ण ठरतो. हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिनही काही यंत्रांवर खोटंच कमी दिसू शकतं. म्हणून तपासणीच्या निदान दोन-तीन दिवस आधी बंद करा आणि लॅबला तसं सांगा. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियम जास्त झालं तर केस उलट गळतात. लोह घ्यायचं ते आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) बघूनच, आणि गोळी चहासोबत नको.

केस मोजत बसणं

आठवड्यातून दोनदाच न्हाणाऱ्यांच्या मोरीत तीन-चार दिवसांचे केस एकदम दिसतात. त्यावरून काही कळत नाही. महिन्यातून एकदा, कोरडे केस, तोच भांग, तीच खिडकी, तेवढ्याच अंतरावरून फोटो काढा. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, रोजच्या आरशात फरक दिसणार तरी कसा?

इथे मात्र वाट पाहू नका

डोक्यात आग होणं, दुखणं, केसांभोवती लाली, पू, किंवा त्वचा चकचकीत होऊन तिच्यावरची छिद्रंच दिसेनाशी होणं, ही व्रण पाडणाऱ्या टकलाची लक्षणं. यात रोमकूप कायमचे जातात. कपाळावरची केसांची रेघ मागे जाताना भुवयाही विरळ होत असतील तरी हाच संशय घ्यावा. घट्ट वेण्या किंवा एक्स्टेन्शननी ओढ बसत असेल तर आधी रेघेवर बारीक पुटकुळ्या येतात. तेवढ्यावर केस सैल सोडले तर ते परत येतात, ओढ वर्षानुवर्षं चालली तर येत नाहीत.

अशा वेळी त्वचारोगतज्ज्ञ भूल देऊन डोक्याच्या त्वचेचा ४ मिलिमीटरचा तुकडा तपासणीसाठी काढतात आणि एखादा टाका घालतात. तो तुकडा जिथे अजून केस आहेत आणि लाली दिसतेय अशा कडेवरून घ्यायचा असतो. मधल्या गुळगुळीत जागेतून घेतला तर अहवालात नुसता व्रण येतो, तो कशाने पडला ते कळत नाही.