स्टील ब्रेडेड ब्रेक पाइप घेण्याआधी आणि बसवताना

वरंध नाहीतर आंबेनळी घाट उतरून आलेल्या दुचाकी गाड्या आमच्या महाडच्या गॅरेजला थांबतात, तेव्हा एक तक्रार ठरलेली असते. "दादा, लिव्हर पार हँडलला टेकला. स्टीलचा पाइप टाकून द्या." मी आधी ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडतो. आतलं ऑइल काळपट चहासारखं दिसलं, तर पाइपचं नंतर बघू म्हणतो.

डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी मुरलेल्या ऑइलसाठी मानकातच १५५ अंशांची मुभा आहे. आपल्या कोकणच्या पावसाळ्यात पाणी मुरायला वेळ लागत नाही. उतारावर ब्रेक सतत दाबून धरला की कॅलिपरपाशी, म्हणजे चाकाजवळ पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागापाशी, ऑइल उकळून वाफ होते, लिव्हर ती वाफच दाबत बसतो आणि पॅडपर्यंत जोर पोहोचत नाही. ब्रेडेड पाइपनं हे थांबत नाही. त्यावर उपाय म्हणजे ताजं ऑइल आणि खालच्या गिअरमध्ये घाट उतरणं.

मग पाइप काय करतो? रबरी पाइप दाबाखाली किंचित फुगतो, आणि जुना झाला की जास्तच. लिव्हरचा थोडा जोर त्या फुगण्यात जातो. ब्रेडेड पाइपमध्ये आत टेफ्लॉनची नळी आणि वर स्टीलच्या तारांची विणलेली जाळी असते, ती फुगू देत नाही. लिव्हर घट्ट लागतो, किती दाबलं ते बोटाला नीट कळतं. डिस्क, पॅड आणि टायर तेच असतात, त्यामुळे पकड मात्र वाढत नाही. यामाहाच्या मॅन्युअलमध्ये ब्रेक ऑइल दर २ वर्षांनी आणि रबरी पाइप दर ४ वर्षांनी बदलायला सांगितलंय. पाइप बदलायची वेळ आलीच असेल, तर ब्रेडेड घ्यावा असंच माझं मत.

घेताना जाळीवर प्लॅस्टिकचं आवरण असलेलाच घ्या. उघडी जाळी कानशीसारखी घासते. पेट्रोलच्या टाकीचा रंग, वायरिंग, काहीच सोडत नाही. टोकं कारखान्यात प्रेस केलेली हवीत. पाइपवर मानकाची छापील खूण नसेल तर तो दुकानात राहू द्या.

लांबीत लोक सर्वांत जास्त फसतात. जुन्या पाइपच्या मापावर जाऊ नका, विशेषतः हँडल उंच करणारे राइझर लावले असतील तर. इंजिनखाली जॅक देऊन पुढचं चाक उचला, म्हणजे शॉकअप पूर्ण खाली सुटतात. जाडसर वायरचा तुकडा मास्टर सिलिंडरपासून (लिव्हरजवळचा, ऑइल ढकलणारा भाग) कॅलिपरपर्यंत पाइपच्या वाटेनं फिरवा, हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवा. वायर कुठेही ताणली न जाता जी लांबी भरेल, ती तुमची. मागच्या पाइपसाठी चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) पूर्ण खाली सोडून मापा. फार लांब पाइपही नको, तो टायरला लागतो.

टोकाच्या बँजोचा (ज्यातून बोल्ट जातो त्या कडीचा) कोन जुन्यासारखाच हवा, नाहीतर पाइप तिथेच मुडपतो, आणि टेफ्लॉन एकदा मुडपलं की तो पाइप बाद. बोल्टचे आटेही तपासा. १० मिमीच्या बोल्टला १.० किंवा १.२५ पिच (दोन आट्यांमधलं अंतर) असते. चुकीचा बोल्टही पहिले एक-दोन फेरे गुमान जातो, मग कॅलिपरचे आटे घेऊन जातो. जुना आणि नवा बोल्ट आट्यांत आटे घालून उजेडासमोर धरा. मधून उजेड दिसला तर पिच वेगळी.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे. अशा गाडीत पाइप मास्टर सिलिंडरकडून एबीएस युनिटला आणि तिथून कॅलिपरला जातो, म्हणून सेटमध्ये किती तुकडे आहेत ते मोजून घ्या. युनिट वगळून सरळ पाइप टाकायचा सल्ला कुणी दिला, तर त्या माणसाकडे गाडी देऊ नका. युनिटमध्ये हवा शिरली तर काही गाड्यांना स्कॅनर लावावा लागतो. त्याचे जोड सोडायचे असतील तर काम सर्व्हिस सेंटरला द्या.

बसवण्याआधी जुन्या पाइपच्या वाटेचा फोटो काढा, पेट्रोलच्या टाकीवर ओला कपडा टाका. ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं तर लगेच पाणी ओता. बँजोच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वायसर नवेच घाला. एका बोल्टवर एक पाइप असेल तर दोन वायसर, दोन पाइप असतील तर तीन. सगळे बोल्ट आधी हातानंच लावा, पाइप पीळ न पडता बसवा, क्लिपांमध्ये अडकवा, मग बँजो धरून टॉर्क रेंचनं आवळा. आकडा तुमच्या मॅन्युअलमधलाच घ्या. होंडाच्या बऱ्याच गाड्यांना ३४ न्यूटन मीटर दिलाय, पण ॲल्युमिनियमचा बोल्ट एवढ्यात तुटू शकतो.

हवा काढायला घाई करू नका. नवा पाइप कोरडा असतो, म्हणून मी सिरिंजनं कॅलिपरच्या निपलमधून (हवा काढायच्या बारीक तोंडातून) ऑइल खालून वर ढकलतो. वरच्या टाकीत आधीच ऑइल असेल तर ते काढत राहा, नाहीतर उतू जाईल. मग नेहमीची पद्धत: लिव्हर दाबून धरा, निपल उघडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा. टाकीतली पातळी खाली जाऊ देऊ नका. तरी लिव्हर स्पंजी लागला तर शेवटची हवा बहुतेक मास्टर सिलिंडरच्या बँजोपाशीच अडकलेली असते, कारण ती सगळ्यात उंच जागा. तिथे फडकं गुंडाळा, लिव्हर दाबून बोल्ट पाव फेरा सैल करा, फुसकन आवाज आला की आवळा, मग लिव्हर सोडा.

रात्री लिव्हर झिप टायनं हँडलला बांधून ठेवा. सकाळी प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावा. ओला झाला तर वायसर पुन्हा नवे. कोरडा निघाला तर पॅड डिस्कला टेकेपर्यंत लिव्हर पंप करा, घरासमोरच्या सपाट रस्त्यावर सावकाश ब्रेक मारून बघा, आणि घाटात त्यानंतरच जा.