जागा पात्राला काय करू देत नाही?

नायिकेचं लग्न मोडलं की पाऊस, म्हातारा गेला की सूर्यास्त. नवख्या कथेत वातावरण म्हणजे बहुतेक वेळा हवामान. माझ्या पहिल्या चार कथांत मिळून पाच वेळा पाऊस पडला होता.

कथेत वातावरण उभं करायचं तर आधी एक जागा निवडा आणि तिची मापं घ्या. मुंबईतली बीडीडी, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटची, चाळ घेऊ. वरळी, नायगाव, शिवडी, ना. म. जोशी मार्ग इथल्या या इमारती 1920च्या दशकातल्या. मधून लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं, खोली 160 चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक. या खोलीत नवरा, बायको, सासू आणि दोन मुलं बसवा.

मग विचारा, इथे काय करता येत नाही? दार लावून भांडता येत नाही. भरदुपारी दार लावलं, एवढंच पॅसेजभर चर्चेला पुरतं. मनसोक्त रडता येत नाही. म्हणून सून मोरीशी बसते आणि घासून झालेलं पातेलं पुन्हा घासायला घेते. सासू म्हणते, "पातेल्याला भोक पाडशील." सासूला कळलंय की नाही, हे सांगू नका. इथे 'ती उदास होती' असं लिहिलंत तर पातेलं फुकट गेलं.

आता तीच सून पुनर्विकासातल्या 500 चौरस फुटांच्या घरात न्या. तिथे बेडरूमचं दार लागतं. ती हवं तेवढं रडू शकते आणि कुणी काही बोलत नाही. दुःख तेच, पण आता कथा एकटेपणाची झाली.

पुढची पायरी नजरेची. रात्रपाळीहून आलेल्या नवऱ्याला पॅसेजमध्ये फक्त आपलं दार दिसतं. लग्नाच्या मुलीला प्रत्येक दारातली माणसं दिसतात. जे पात्राच्या नजरेत येणार नाही, ते कितीही सुंदर लिहिलेलं असो, कापा.

वेळही बदलून पाहा. पहाटेचा रिकामा पॅसेज वेगळाच असतो.

पाऊस मात्र मी एका कथेत ठेवला. त्याच्यामुळे खिडकीबाहेरचे कपडे आत आले, खोलीभर दोऱ्या बांधाव्या लागल्या, आणि ओल्या साडीच्या दोन बाजूंना बसून सासू-सुना पहिल्यांदा नीट बोलल्या.