आईवडिलांकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष आणि परित्याग: अर्ज करण्यापूर्वी काय पाहावे

ज्या मुलाचे कपाशीचे वावर बोंडअळीने गेले आणि ज्याचे स्वतःचेच घर उसनवारीवर चालते, त्याने आईच्या औषधांना पैसे दिले नाहीत तर ती त्याची असमर्थता असते. परंतु ऐपत असून आणि आईची गरज ठाऊक असून जो हात आखडतो, त्याचे वागणे हेतुपुरस्सर दुर्लक्ष होय. परित्याग त्याहून गंभीर आहे. सांभाळाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीने ज्येष्ठ नागरिकाला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने कोठेही सोडून जाणे, हा २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याच्या कलम २४ नुसार गुन्हा असून त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

हेतू मनात असतो, म्हणून तो वागण्यावरूनच दाखवावा लागतो. आमच्या शेजारच्या आजींनी गोळ्या संपल्या त्या तारखेभोवती कॅलेंडरवर पेन्सिलीने गोल केला होता आणि मुलाला कोणकोणत्या दिवशी फोन लावला, ते शेजारच्या मुलीने बाजूला लिहून ठेवले होते. निर्वाहखर्चाच्या अर्जाला ती पाने जोडल्यावर मला फारसे काही लिहावे लागले नाही. औषधांची बिले आणि मुलाच्या नावावरील सातबाराही जोडावा. जबाबदारी केवळ मुलग्याची असते असा गावात समज आहे, तो चुकीचा आहे. कायद्याने मुलगीही तितकीच बांधील आहे.

स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून गुजराण होत नसेल, तर उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. मुलगा पुण्याला असला तरी तेथे जावे लागत नाही, कारण आईवडील राहतात त्या ठिकाणीही अर्ज चालतो. स्वतः जाणे शक्य नसल्यास त्यांनी अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. निर्वाहखर्च दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत मिळू शकतो, आणि चौकशी चालू असताना अंतरिम रक्कमही मागता येते.

शेत मुलांच्या नावावर करून देणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, ‘आमचा सांभाळ करावा’ ही अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहून घ्यावी. ती असेल आणि मुलाने सांभाळ नाकारला, तर कलम २३ खाली ते हस्तांतरण रद्द ठरवून घेता येते. तोंडी शब्दावर विसंबलेल्यांना मात्र ती अट सिद्ध करताना फार जड जाते.

आदेशानंतरही पैसे थकले तर वसुलीचा अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत द्यावा लागतो, त्यामुळे न आलेल्या प्रत्येक हप्त्याची तारीख त्याच कॅलेंडरवर लिहून ठेवावी.