पाणचिऱ्यासाठी चंबळला जाण्याआधी

चंबळ नदीवरच्या पहिल्या फेरीत मी पाणचिरा या पक्ष्याचे दोन सकाळी मिळून अकराशे फोटो काढले. कामाचे निघाले चार. कुठे पंखाचं टोक कापलेलं, कुठे फोकस मागच्या वाळूवर, आणि एक अख्खी सिरीज नुसत्या पाण्याची. धोलपूरचं तिकीट, बोटीचे पैसे, चार दिवसांची रजा, सगळं मिळून हा हिशेब. नव्या मंडळींचा तरी थोडा वाचावा म्हणून लिहितोय.

पाणचिरा, म्हणजे इंडियन स्किमर, जगभरातच थोडे उरलेत. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो संकटग्रस्त आहे. त्याची खालची चोच वरच्यापेक्षा लांब असते. ती पाण्यात बुडवून तो पाण्याला लागून उडतो, मासा लागला की चोच मिटते. हा फोटो सगळ्यांना हवा असतो.

त्याआधी सराव करा, आणि तोही गच्चीवरून. घार संथ असते, महिनाभर तिच्यावर हात बसवा. मग भिगवणला, उजनीच्या पाण्यावर, कुरव (सीगल) आणि नदी सुरय (रिव्हर टर्न). सुरयाचा वेग आणि अचानक वळणं पाणचिऱ्याच्या जवळची आहेत. (फरसाण टाकून जमवलेल्या कुरवांवर सराव करू नका. पक्ष्यांनाही वाईट आणि तुम्हालाही काही शिकवत नाही.)

सेटिंगचं थोडक्यात: शटर १/२५०० सेकंदापेक्षा संथ नको, आयएसओ ऑटो, फोकस सतत पाठलाग करणारा. पाठ काळपट आणि पोट पांढरंशुभ्र, त्यामुळे एक्सपोजर थोडं कमीच ठेवा. पोटावरचा तपशील एकदा उडाला की परत येत नाही. बीनबॅग, म्हणजे कॅमेरा टेकवायची पिशवी, रिकामी न्या, तांदूळ तिथल्या बाजारात मिळतो. बोटीच्या काठावर ट्रायपॉडपेक्षा ती बरी, फक्त मोटार बंद हवी.

मला सगळ्यात उशिरा कळली ती वाऱ्याची गोष्ट. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून हवेत उठतो. वारा आणि सूर्य दोन्ही तुमच्या पाठीशी असले, तर वाळूवरचा थवा तुमच्याच दिशेने उठतो. पहिल्या फेरीत मी उजेड तेवढा बघितला आणि दोन्ही दिवस शेपट्यांचे फोटो काढले. दुसरं म्हणजे, चोच पाण्यातून नेत गेलेला पाणचिरा पुष्कळदा वळून त्याच रेघेवरून परत येतो. पहिल्या खेपेला बटण दाबू नका, नुसती रेघ बघून ठेवा. परतीच्या खेपेला कॅमेरा आधीच तिथे रोखलेला असतो.

मार्च ते मे वीण असते. अंडी उघड्या वाळूत. मी नावाड्याला म्हणालो, "भैया, थोडा और पास." त्यानं मोटार बंद केली, मान हलवली आणि लांबूनच बोट दाखवलं. मी वैतागलो होतो. तेवढ्यात एक पक्षी पाण्यावर उतरला, पोट भिजवून उठला आणि ओल्या पोटानं अंड्यांवर जाऊन बसला. आम्ही जवळ गेलो असतो तर तो उठून गेला असता आणि तापल्या वाळूत अंडी उघडी पडली असती. फोटो मी काढला. नऊ वाजून गेले होते, वाळूवर झळा नाचत होत्या. पक्षी आला तो पाण्यात विरघळल्यासारखा.